निवाऱ्यामागचा ओघळ

चिमटीला हे नाव कॉलेजच्या वसतिगृहात पडलं. दुसऱ्याचा कंगवा, मेसचं ताट, बाथरूमची कडी, जे काही धरायचं ते ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची, जणू मेलेला उंदीर शेपटीने उचललाय. तिच्या खोलीतली मैत्रीण बरोब्बर उलटी. उरलेल्या पोळ्या, कोणाच्या ताटात टाकलेली भाजी, परवाचं वरण, समोर येईल ते गट्टम करायची. तिला आधी बकासुर म्हणत, पुढे लाडाने बकी झालं. ही मैत्री टिकेल असं कोणीच धरून चाललं नव्हतं, पण टिकली. लग्नं झाली, मुलं झाली, केसांना कलप लागले, तरी फोन उचलला की एकीकडून "काय गं चिमटे" आणि दुसरीकडून "बोल बके".

बकी शाळेत खेळाच्या बाई होती. सुट्टी लागली की पाठीवर सॅक टाकून कुठल्या ना कुठल्या डोंगरात जायची. चिमटी पालिकेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची. बावीस वर्षं तेच काम. शहरभरातल्या नळांचं पाणी बाटल्यांतून तिच्या टेबलावर यायचं, आणि काचेसारखं नितळ दिसणाऱ्या पाण्यात काय काय वळवळत असतं ते तिला रोज दिसायचं. कुठलाही नमुना आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: हे पाणी येतं कुठून? नातेवाइकांच्या लग्नांतही ती स्वतःची बाटली घेऊन जायची. सासूबाई म्हणायच्या, "हिला गंगा दाखवली तरी ही आधी चाळणी मागेल."

बकी दहा वर्षं मागे लागली होती. एकदा माझ्याबरोबर चल, परदेशात, सॅक घेऊन, पाच दिवस चालायला. चिमटीकडे दहा वर्षं दहा कारणं होती. मग मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली, घर रिकामं झालं, आणि नवरा म्हणाला, "जा गं. मी काही उपाशी मरत नाही." अशा रीतीने वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी चिमटी परक्या देशातल्या एका डोंगराच्या पायथ्याशी उभी राहिली. पाठीवर तेरा किलोंची सॅक. त्यात साबणाच्या कागदी वड्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, एक छोटं पातेलं, हात पुसायचं औषध चार बाटल्या, आणि निळ्या फुलांच्या नक्षीचे कागदी रुमाल बारा पाकिटं.

पहिला दिवस जंगलातून होता. खाली सडलेल्या पानांचा थर इतका जाड की पाय ठेवला की तो घोट्यापर्यंत आत जायचा आणि काढताना चुळबुळ आवाज करायचा. वरून पाणी ठिबकत होतं. दुपारी बकी हसत म्हणाली, "चिमटे, हलू नकोस. मानेवर पाहुणी आहे." जळू होती, करंगळीएवढी, पिऊन टम्म फुगलेली. बकीने ती नखाने उपटली आणि झाडीत भिरकावली. चिमटीने पायमोजे खाली केले तर तिथे आणखी तीन. ती किंचाळली नाही. तिचे फक्त ओठ पांढरे झाले. रक्ताचं तिला काही नव्हतं. ती मऊ, थंड, ओली लवलव बोटांना लागली तिची तिला शिसारी आली. त्यानंतर ती दर शंभर पावलांवर थांबून बाह्या वर करून बघायची, आणि बकी पुढे उभी राहून शीळ घालायची.

त्यातच पोट बिघडलं. चालायला लागायच्या आधी बसस्थानकावर एकच अंड्याचं सँडविच उरलं होतं, थंडगार, कडा वाळलेलं. बकीने मोठ्या मनाने ते हिला दिलं आणि स्वतः बिस्किटं खाल्ली. पहिल्या रात्री तंबूत चिमटीच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिने बकीला सांगितलं नाही. बकीला सांगणं म्हणजे गावात दवंडी देणं. वाटेत भेटेल त्याला ती हावभावांसकट सांगितल्याशिवाय राहिली नसती.

दुसऱ्या दिवशी नदी पार करायची होती. पूल नव्हता. पाणी कमरेपर्यंत, बर्फासारखं थंड, आणि तळाचे दगड शेवाळाने बुळबुळीत. बकीने सॅकचे पट्टे सोडायला लावले, म्हणजे पडलो तर ओझ्यासकट वाहून जायला नको, आणि दोघी एकमेकींचे दंड धरून खेकड्यासारख्या आडव्या चालू लागल्या. मध्यावर चिमटीचा पाय सटकला. पाणी नाकातोंडात गेलं. बकीने तिची सॅक वरच्या पट्ट्याला धरून, मांजरीने पिल्लू उचलावं तसं, तिला ओढून काठावर आणलं. चिमटी गुडघ्यांवर बसून थुंकत राहिली. तोंडात मातीची, कुजक्या पानांची चव होती.

"अगं मेलीस तरी स्वच्छ पाण्यात मेली असतीस," बकी हसत सुटली.

चिमटीलाही हसू आलं. त्या क्षणी तिला खरंच बरं वाटलं होतं. बकीचा हात दंडावर होता, ऊन पडलं होतं, आणि पलीकडच्या उतारावर मुक्कामाचा निवारा दिसत होता.

निवारा म्हणजे लाकडी फळ्यांची एक लांब खोली. भिंतीला दोन मजली बंक, त्यावर रबराच्या गाद्या. मध्ये लोखंडी शेगडी आणि तिच्यावर तारेला लटकणारे सगळ्यांचे ओले मोजे. दार उघडताच तो वास अंगावर आला: घाम, धूर, ओली लोकर, जुनं तेल. गादीवर कोणाच्या तरी अंगाचा पिवळट डाग होता, माणसाच्या आकाराचा. चिमटीने त्यावर आधी प्लास्टिक अंथरलं, त्यावर चादर, त्यावर स्लीपिंग बॅग.

आत आणखी दोघं होती. एक म्हातारा सुतार, कामातून निवृत्त झालेला, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी, आणि त्याची बायको. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून दोघं चालायला निघाली होती. चिमटीने मनातल्या मनात त्यांना आजी-आजोबा करून टाकलं. शेजारच्या खोलीत निवाऱ्याची राखणदारीण राहायची. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी बाई. तिने तोडक्यामोडक्या इंग्रजीत नियम सांगितले. लाकूड जपून जाळा. नळाचं पाणी प्यायला चालतं, वरच्या झऱ्याचं आहे. संडास बाहेर, चाळीस पावलांवर. दुसरीकडे कुठेही जायचं नाही. "कुठेही नाही," ती पुन्हा म्हणाली.

चिमटी संडासाशी गेली. पत्र्याचं खोकं, लाकडी बैठक, खाली खड्डा. दार उघडलं तशा माश्या घोंगावत वर आल्या आणि तिच्या चेहऱ्याला धडकल्या. बैठकीवर ओले शिंतोडे. खड्डा भरत आला होता. वर पिवळसर साय धरल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते हलत होतं. तिने नीट पाहिलं. अळ्या होत्या. तिने दार लावलं आणि नाकाला रुमाल लावून उभी राहिली. पोटात कळ आली तरी ती आत गेली नाही. दात आवळून परत आली.

पहाटे मात्र दम निघेना. सगळे झोपले होते, बाहेर नुकतं उजाडत होतं, धुकं होतं. ती संडासाकडे न वळता निवाऱ्याच्या मागे चढावर गेली. दीडेकशे पावलं वर नेच्यांच्या झुडपांत एक ओघळ होता, दगडगोट्यांचा, कोरडा. आडोसाही होता. तिने काठीने खड्डा करून पाहिला, पण खाली नुसती मुळं आणि दगड, बोटभरही माती निघाली नाही. वेळ नव्हता. काम उरकून तिने वर चार दगड रचले, पानं टाकली, रुमालाचे कागद दगडांखाली दाबले, आणि औषधाने हात चार वेळा पुसले. उतरताना तिला हलकं हलकं वाटत होतं. त्या माश्यांच्या खोक्यात बसलेल्या सगळ्यांपेक्षा आपण शहाण्या, असंही वाटलं.

ती आत आली आणि पावसाला सुरुवात झाली.

तो पाऊस दिवसभर पडला. राखणदारिणीने वायरलेसवर विचारून सांगितलं की पुढची नदी चढली आहे, कोणी हलायचं नाही. मग काय, पाच माणसं आणि एक शेगडी. बकी मजेत होती. आजोबांकडून पत्त्यांचा कसलातरी डाव शिकली, आजीच्या पायाला तेल लावून दिलं, नळाखाली तोंड लावून घटाघटा पाणी प्यायली.

"बके, उकळून पी," चिमटी म्हणाली.

"अगं डोंगराचं पाणी आहे. वर ना माणूस ना जनावर. तू पी तुझं औषधी पाणी."

चिमटी आपल्या छोट्या पातेल्यात पाणी उकळायची, गार करायची, वर गोळी टाकायची. आजी कौतुकाने बघायच्या. तिने त्यांना समजावून सांगितलं की ती पाणी तपासते, तेच तिचं काम. आजींनी ते राखणदारिणीला सांगितलं. तेव्हापासून ती बाई चिमटीकडे जरा आदराने बघू लागली.

सहावा माणूस संध्याकाळी आला. भिजून चिंब, दाढी छातीपर्यंत, पाठीवर तारेने शिवलेली सॅक. बारा दिवस एकटाच चालत होता. त्याने बूट काढले आणि खोलीत असा वास पसरला की आजींनीसुद्धा खिडकी उघडली. त्याच्या पायांची कातडी पांढरी, सुरकुतलेली, नखांत काळं. त्याच बोटांनी त्याने टाचेचा फोड फोडला, विजारीला हात पुसला आणि पाव तोडला. चिमटीच्या घशात आंबट पाणी आलं. ती तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसली. बकीने सगळ्यांसाठी सूप केलं होतं, ते वाढायला तो दाढीवाला पुढे झाला. चिमटी म्हणाली, मला भूक नाही. तो मात्र सूपही थोडंच प्यायला. त्याला चहा हवा असायचा, काळा, उकळता, मगामागून मग. पाण्याला तो शिवतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बकी डाव मांडता मांडता उठली, दारापर्यंत पोचली नाही, आणि उंबऱ्यावरच भडाभडा ओकली.

पहिल्यांदा सगळे हसले. बकासुराचं पोट भरलं, असं बकी स्वतःच म्हणाली. अर्ध्या तासाने तिने दुसऱ्यांदा उलटी केली आणि तेव्हा ती हसली नाही. मग आजी. मग आजोबा. संध्याकाळपर्यंत त्या खोलीची जी दशा झाली ती चिमटी जन्मात विसरणार नव्हती. बादल्या पुरेनात. आजोबांना संडासापर्यंत जाता येईना, त्यांचं बंकवरच झालं, आणि तो पंचाहत्तरीचा माणूस चादर डोक्यावर ओढून रडू लागला. फळ्यांच्या फटीत पातळ पिवळं पाणी झिरपत होतं. बंद खिडक्या, शेगडीची ऊब, आणि तो वास, गोडसर, सडका, जिभेवर बसणारा. राखणदारीण एकदा बाहेर जाऊन ओकून आली, तोंड पुसलं आणि पुन्हा कामाला लागली.

चिमटीला मळमळ होत होती, पण ती थांबली नाही, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. तिने उकळलेल्या पाण्यात साखर-मीठ मोजून टाकलं आणि दर दहा मिनिटांनी चमचा चमचा करून तिघांना पाजलं. बकीचं डोकं मांडीवर घेतलं. बकीची उलटी तिच्या बाहीवर, मनगटावर सांडली, कोमट, चिकट. तिने ती पुसली आणि चमचा पुन्हा उचलला.

बादल्या मात्र दाढीवाला उचलत होता. एक बादली न्यायची, खड्ड्यात ओतायची, विसळायची, आणायची. त्याला काहीच झालं नव्हतं.

अंधार पडायच्या सुमाराला राखणदारिणीने चिमटीला बाजूला घेतलं. "तुम्ही पाणी तपासता. हे पाण्यामुळे असेल का?"

चिमटीच्या मनात ओघळ आला. तो आला हे नंतर तिने कधी नाकारलं नाही. नेचे, चार दगड, आणि त्यानंतरचा दिवसभराचा पाऊस. बावीस वर्षं जो प्रश्न ती सगळ्यात आधी विचारायची, तो त्या वेळी जिभेवर आला होता: हे पाणी येतं कुठून? तिने तो गिळला. ओघळ कोरडा होता, तिने स्वतःला सांगितलं. झरा दुसरीकडे कुठेतरी असणार.

"पाणी नसेल," ती म्हणाली. "हातांमुळे होतं हे बहुतेक वेळा. कोणीतरी बाहेरून आणतं, त्याला स्वतःला काही होत नाही. सूप कोणी वाढलं होतं?"

तिने नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही. त्याची गरजच पडली नाही. राखणदारीण दाराकडे बघू लागली. आजींनी अंथरुणातून मान वळवली. बकी खोल गेलेल्या आवाजात, पण इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असं म्हणाली, "तरी मी म्हटलं, घाणेरडा मेला."

दाढीवाला रिकामी बादली घेऊन दारात उभा होता. त्याने सगळ्यांकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं. राखणदारिणीने त्याला सांगितलं की आज त्याने लाकडाच्या खोपटात झोपावं आणि कशाला हात लावू नये. तो बरं म्हणाला. सॅक उचलून पावसात बाहेर गेला. तिथे शेगडी नव्हती.

सकाळी पाऊस थांबला आणि नळही थांबला. नुसती धार बारीक होऊन ठिबकायला लागली. राखणदारीण म्हणाली, पाइपाच्या तोंडाशी पानं अडकली असतील, मी या आजोबांना सोडून जाऊ शकत नाही. आजोबांचे डोळे आत गेले होते, जीभ लाकडासारखी कोरडी झाली होती. वायरलेसवर मदत मागितली होती, पण नदी उतरल्याशिवाय माणसं येणार नव्हती. शेवटी दाढीवाल्याला वाट दाखवली आणि पाण्यातलं कळतं म्हणून चिमटीला त्याच्याबरोबर धाडलं.

काळा पाइप निवाऱ्याच्या मागून वर जात होता. चिमटी त्याच्या बाजूने चढत होती आणि प्रत्येक पावलाला तिला वाटत होतं, आता तो वळेल, डावीकडे वळेल, उजवीकडे वळेल. तो वळला नाही. नेच्यांच्या झुडपांपाशी एक छोटा सिमेंटचा हौद होता, झाकण सरकलेलं. हौदात पाइपाच्या तोंडावर जाळी होती. आणि हौदाच्या वर वीस हातांवर तो ओघळ होता. आता कोरडा नव्हता. खळाळत होता, सरळ हौदात पडत होता. दगड विस्कटले होते. चारातला एकच जागेवर होता.

जाळीवर पानं होती, काटक्या होत्या, आणि पानांमध्ये लगदा झालेला कागद चिकटला होता. त्यावरची निळी फुलं अजून ओळखू येत होती.

दाढीवाल्याने हात घालून तो लगदा काढला. तळहातावर धरून पाहिला. मग चिमटीच्या जाकिटाच्या खिशाकडे पाहिलं, जिथून तशाच कागदाचं टोक बाहेर आलेलं होतं.

चिमटीने तोंड उघडलं आणि तिला आधी ओकारीच आली. ती झुडपात वाकली. पोटात काही नव्हतं, नुसतं कडू पाणी. पहिल्यांदाच तिला स्वतःच्या अंगाची घाण वाटली, आतल्या सगळ्याची. आतडी, जीभ, घासून घासून कोरडे पडलेले ते हात. त्या हातांनी तिने सगळ्यांना चमच्याने पाजलं होतं.

"माझं आहे," ती म्हणाली. "मी इथे बसले होते. परवा पहाटे."

त्याने मान हलवली, जणू कोणी किती वाजले ते सांगितलं.

"तुमची माफी मागते. मी काल जे बोलले..."

"मला नको," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "खाली सांगा. त्यांना."

मग त्याने जाळी साफ केली, पाइप सांध्यापाशी सोडवून ठेवला, म्हणजे पाणी निवाऱ्यामागच्या टाकीत जाणार नाही, आणि तिची वाट न बघता खाली उतरला.

चिमटी अर्धा तास तिथे बसून राहिली असेल. खोटं काय सांगायचं, तिच्या मनात आलं होतं की न सांगताही भागेल. तो तसा बोलणारा माणूस नव्हता. शेवटी ती उठली, कारण खाली आजोबा होते आणि त्यांना काय झालंय ते नीट कळायला हवं होतं.

तिने खोलीत उभं राहून सांगितलं. आधी इंग्रजीत, राखणदारिणीला आणि आजींना. कुठे बसले, कधी, पोट आधीपासून बिघडलेलं होतं, खड्डा खणला नाही, पाणी उकळून फक्त मी प्यायले. काल शंका आली होती तरी दुसऱ्यावर ढकललं. इंग्रजी शब्द साधे होते आणि त्यांना कुठेही लपायला जागा नव्हती. आजींनी उशाशी ठेवलेला साखर-मिठाच्या पाण्याचा पेला हळूच उचलला, वास घेतला, आणि लांब सरकवला.

"ते उकळलेलं आहे," चिमटी म्हणाली. "ते सुरक्षित आहे, प्लीज, आजोबांना द्यायलाच हवं."

राखणदारिणीने तो पेला घेतला आणि दाराबाहेर ओतला. स्वतः नव्याने पाणी उकळलं. स्वतः साखर टाकली. किती टाकायची ते मात्र चिमटीला विचारलं, मागे वळून न बघता.

बकी भिंतीला टेकून बसली होती. तिला इंग्रजीत सगळं कळलं होतं. तरी चिमटी तिच्यापाशी गेली आणि मराठीत म्हणाली, "बके..."

"लांबून बोल."

"बके, मला खरंच वाटलं नव्हतं..."

"तुला वाटलं नव्हतं?" बकीचा आवाज घोगरा झाला होता. "अगं, मी कुठलंही खरकटं खाईन. परवाचं खाईन, पडलेलं उचलून खाईन. तुला ठाऊक आहे ते. पण तू मला..." तिचे गाल आत ओढले गेले, तिने हात तोंडावर दाबला आणि पालथा फिरवून ओठ पुसले. पुन्हा पुसले. पुन्हा. "आणि मी त्या माणसाला घाणेरडा म्हटलं. तू माझ्या तोंडून म्हणवलंस."

चिमटीने दिवसभर टाकी घासली. राखणदारिणीने ब्रश दिला, ब्लीचिंगची भुकटी दिली आणि शिडी लावून दिली. टाकीच्या आत वाकून बसावं लागत होतं. तळाला करडा, बुळबुळीत गाळ होता. तिने तो हातांनी खरवडला. हातमोजे होते, पण एक फाटका निघाला आणि तिने दुसरा मागितला नाही. भुकटीने डोळे चुरचुरत होते, नखांखाली आग होत होती. असं केल्याने काही फिटतं असं तिला वाटलं नाही. पुढच्या माणसाला पाणी लागणार होतं, एवढंच.

आजोबा वाचले. संध्याकाळी त्यांना लघवी झाली तेव्हा राखणदारिणीने ते मोठ्याने सांगितलं आणि आजी रडल्या. दुसऱ्या दिवशी नदी उतरली, चौघं माणसं स्ट्रेचर घेऊन आली, आणि आजोबांना न्यायच्या आधी त्यांनी अर्ध्या बोटांचा हात वर करून सगळ्यांचा निरोप घेतला. चिमटीपाशी तो हात खाली आला. दाढीवाला त्याआधीच निघून गेला होता. कोणाला न सांगता, आणि लाकडाचं खोपट झाडून.

राखणदारिणीने वहीत सगळं लिहिलं. चिमटीला सही करायला लावली. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत." एवढं बोलून तिने वही मिटली. तिच्या चेहऱ्यावर कसलीही दया नव्हती.

परतीची वाट सोपी होती, उतरणीची. बकी अजून लटपटत होती, पण पुढे चालत होती, वीस-पंचवीस पावलं पुढे. चिमटीने तिची तंबूची पिशवी मागितली, ती तिने दिली. काठी पुढे केली, ती घेतली. दोनदा विसाव्याला बसल्या तेव्हा चिमटीने आपली बाटली काढली, आणि दोन्ही वेळा बकी उठून दुसरीकडे जाऊन बसली. स्वतःचं पाणी तिने राखणदारिणीकडून भरून घेतलं होतं. तेही ती घोटभर घ्यायची, तोंडात धरायची आणि मोठ्या कष्टाने गिळायची.

रस्त्याला लागल्यावर बसच्या थांब्यावर दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या. ऊन होतं. बस यायला अवकाश होता.

"शिव्या दे ना," चिमटी म्हणाली. "काहीतरी बोल."

बकी रस्त्याकडेच बघत म्हणाली, "राग आला असता ना, तर बरं झालं असतं. भांडलो असतो, मी दोन मुस्काटात दिल्या असत्या, मिटलं असतं. तो येत नाहीये. तुझ्याकडे बघितलं की मळमळतं. काय करू? मी मुद्दाम करत नाहीये, चिमटे."

"किती दिवस?"

"मला काय माहीत. मला याची सवय आहे का? सवय तुला आहे."

बकीने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं हे चिमटीला कळत होतं. माणसाला माणसाची अशी किळस येते तेव्हा काय होतं, हे तिला आयुष्यभर आतून माहीत होतं. समोरच्याला कसं वाटतं ते आज कळत होतं. त्या दाढीवाल्याला कसं वाटलं असेल ते.

बस आली. बकी आधी चढली आणि खिडकीपाशी बसली. शेजारची जागा रिकामी होती. चिमटी वाटेत सॅक धरून उभी राहिली, बसू की नको विचारत. बकीने बाहेर बघत खिडकीची काच पूर्ण उघडली, वाऱ्याकडे तोंड केलं, आणि म्हणाली, "बस. पण बोलू नकोस."

चिमटी बसली. दोघींच्या मध्ये तिने एक वीतभर जागा सोडली, आणि चार तासांच्या वाटेत बस कितीही हिंदकळली तरी ती वीत तिने जपली.